सिग्नल आणि इंडिकेटर : हाताचे पाच शब्द, दिव्याचे दोन

नाशिकच्या गंगापूर रोडवर अशोक स्तंभाकडून आनंदवल्लीच्या दिशेने निघालेल्या गाडीत, शेजारच्या किंवा मागच्या आसनावरून एक वाक्य नेहमी ऐकू येते : ‘पुढच्या सिग्नलला उजवीकडे घ्यायचंय, इंडिकेटर दे.’ या वाक्यातील दोन कळीचे शब्द इंग्रजी आहेत. पण ते ऐकताना नाशिककराचा क्षणभरही गोंधळ होत नाही. सिग्नल म्हणजे चौकातला तीन रंगांचा खांब. इंडिकेटर म्हणजे गाडीच्या कोपऱ्यावरचा लुकलुकणारा पिवळा दिवा. एक रस्त्याचा, दुसरा गाडीचा.

हेच कुटुंब मुलाकडे अमेरिकेत गेले की घोटाळा सुरू होतो. तिथे वळण्यापूर्वी गाडीचा दिवा लावणे याला ‘सिग्नल देणे’ म्हणतात आणि त्या दिव्याला ‘टर्न सिग्नल’. ‘त्याने सिग्नल दिला नाही’ हे वाक्य ऐकून नाशिकचे वडील पुढच्या चौकातला खांब शोधू लागतात. इंग्लंडमध्ये मात्र त्याच दिव्याला आपल्यासारखेच ‘इंडिकेटर’ म्हणतात. तेव्हा हा फरक अटलांटिकच्या दोन काठांवरचा, लिफ्ट आणि एलिव्हेटर यांच्यासारखा, असे समजून विषय सोडून देता येईल. पण या धाग्याचा विषय त्यापुढचा आहे. दोन्ही शब्द भारताच्या कायद्यात एकाच वाक्यात शेजारी शेजारी बसलेले आहेत, तिथे त्यांचे अर्थ वेगळे आहेत, आणि तो वेगळेपणा विसरल्याची किंमत महामार्गावर रोज मोजली जाते.

सुरुवात व्युत्पत्तीपासून करावी लागेल. सिग्नल हा शब्द लॅटिनमधील ‘सिग्नुम’पासून आला; त्याचा अर्थ खूण, चिन्ह, सैन्याचे निशाण. निशाण दिसले की सैनिकाने हालचाल करायची, असा त्यात हुकमाचा वास आहे. इंडिकेटरचे मूळ ‘इंडिकारे’ म्हणजे दाखवणे, बोट करणे. अंगठ्याशेजारच्या बोटाला इंग्रजीत ‘इंडेक्स’ म्हणतात ते याच कुळातले. आणि ज्या आदिम भारोपीय धातूपासून हे कूळ निघाले, त्याच धातूपासून संस्कृतमधील ‘दिश्’ निघाला. म्हणजे इंडिकेटर आणि दिशा हे दूरचे चुलतभाऊ. इंडिकेटरला मराठीत ‘दिशादर्शक’ म्हणणाऱ्याने नकळत एका भावाची ओळख दुसऱ्याच्या नावाने करून दिली आहे. (त्या बोटाला संस्कृतने मात्र ‘तर्जनी’ म्हटले, म्हणजे धमकावणारे. रोमन माणूस ज्या बोटाने वाट दाखवत होता त्याच बोटाने आपले पूर्वज दटावत होते. नाशिकच्या वाहतुकीत दोन्ही उपयोग अजून चालू आहेत.)

मराठीत सिग्नल हा शब्द रुळला तो अक्षरशः रुळांमुळे. फ्रान्समध्ये क्लोद शाप याने १७९४ मध्ये पॅरिस ते लील अशी उंच मनोऱ्यांची साखळी उभारली होती. प्रत्येक मनोऱ्यावर लाकडी हात होते. हातांच्या कोनांवरून दुर्बिणीने संदेश वाचायचा आणि पुढच्या मनोऱ्याकडे पाठवायचा. याच कल्पनेतून पुढे ‘सेमाफोर’ हा शब्द आला आणि १८४०च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडच्या रेल्वेने तो हात आपल्या खांबावर बसवला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली. १८६५ मध्ये थळ घाटाचा चढ पूर्ण झाला आणि मुंबई-नाशिक अखंड रुळांनी जोडले गेले. रेल्वेसोबत सेमाफोरचा हातही यथावकाश या मुलखात आला. हात आडवा असेल तर गाडी थांबायची. हात खाली झुकला की वाट मोकळी. ‘गाडीला सिग्नल पडला’ म्हणजे गाडी निघणार, हा मराठी वाक्प्रयोग त्या खाली पडणाऱ्या हाताचा आहे. आता हात गेले, रंगीत दिवे आले. दिवा काही पडत नाही, तरी भाषेत तो पडतोच.

रेल्वेने हे दोन शब्द कधी एक होऊ दिले नाहीत. तिथे सिग्नल म्हणजे आज्ञा. सिग्नल मोडणे हा इंजिनचालकाचा अतिशय गंभीर अपराध. त्याच सिग्नलच्या डोक्यावर कधी कधी छोट्या दिव्यांची तिरपी ओळ असते. गाडी कोणत्या मार्गावर जाणार हे ती सांगते, आणि तिचे नाव ‘रूट इंडिकेटर’. एकाच खांबावर हुकूम वेगळा, माहिती वेगळी. प्रवाशांसाठी फलाटावर टांगलेली पाटीही इंडिकेटरच. मुंबईकर ‘दादरला इंडिकेटरखाली भेटू’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात मोटारीचा दिवा येत नाही. ती पाटी कोणाला थांबवत नाही की सोडत नाही. फक्त सांगते, आणि पुष्कळदा चुकीचे सांगते.

रेल्वेचा हा हात रस्त्यावर दोन वाटांनी उतरला. पहिली वाट चौकातल्या खांबाची. डिसेंबर १८६८ मध्ये लंडनला पार्लमेंटबाहेर जॉन पीक नाइट या रेल्वे अभियंत्याने रस्त्यासाठी सेमाफोर उभा केला. दिवसा हात आणि रात्री वायूचे लाल-हिरवे दिवे. काही आठवड्यांतच वायूचा स्फोट होऊन तो चालवणारा पोलीस भाजला आणि प्रयोग बंद पडला. विजेचा सिग्नल ५ ऑगस्ट १९१४ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे लागला. जुन्या गंगापूर नाक्यावर आज गाड्या थांबवणारा खांब याच घराण्यातला आहे. त्याचा स्वभावही रेल्वेचाच : तो विनंती करत नाही.

दुसरी वाट गाडीच्या अंगावरची, आणि ती जास्त मनोरंजक आहे. घोडागाडीच्या काळापासून वळण्याची खूण चालकाच्या हातात होती. इंग्लंडच्या आरंभीच्या ‘हायवे कोड’मध्ये घोडागाडीवाल्याने चाबकाने कोणत्या खुणा कराव्यात हेही सांगितलेले असे. मोटारीला छत आणि काचा आल्या, थंडीपावसात हात बाहेर काढणे नकोसे झाले, तेव्हा गाडीलाच हात बसवण्याचे प्रयत्न सुरू झाले.

त्यातला एक प्रयत्न एका नटीचा आहे. फ्लॉरेन्स लॉरेन्स ही मूकपटांच्या काळातील अमेरिकेची पहिली मोठी तारका. तिला मोटारींचा विलक्षण नाद. बटण दाबताच गाडीच्या मागे पाटीसारखा हात उठून वळण दाखवील आणि ब्रेक दाबताच ‘थांबा’ अशी पाटी वर येईल, अशी युक्ती तिने १९१४च्या सुमारास केली. तिचे पेटंट मात्र घेतले नाही, त्यामुळे श्रेय आणि पैसा दोन्ही गेले. ज्या दिवसांत ती तिकडे हे उद्योग करत होती, त्याच दिवसांत दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’नंतर आपला चित्रपट-संसार घेऊन नाशिकला आले होते. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध काही नाही. पण पडद्यावर शब्दांविना बोलण्याची कला आणि रस्त्यावर शब्दांविना बोलण्याची कला एकाच वयाच्या आहेत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

युरोपात हा हात अधिक टिकला. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९२८ मध्ये तो बाजारात आणला. दोन दारांमधल्या खांबात लपलेली, कळ दाबताच बाहेर येणारी, आतून उजळणारी छोटी दांडी. जर्मनांनी तिला नाव दिले ‘विंकर’, म्हणजे हात हलवून खूण करणारा. इंग्रजांनी ‘ट्रॅफिक’ आणि ‘इंडिकेटर’ यांची मोट बांधून ‘ट्रॅफिकेटर’ असा शब्द घडवला. पुढे दांडी गेली, त्यामुळे तिचे खास नावही गेले आणि शेपटी तेवढी राहिली : इंडिकेटर. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत भारतात तयार होणारी ‘हिंदुस्थान फोर्टीन’ ही मोटार ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डची भारतीय आवृत्ती होती, आणि तिच्या दारांमधल्या खांबात असाच हात दडलेला असे. हा हात वारंवार अडकायचा. मग चालक आतून त्या खांबावर मूठ मारून त्याला बाहेर काढायचा. बॉशचे नाव पुढे नाशिकच्या घराघरांत पोहोचले ते मात्र ‘मायको’ या रूपाने. सातपूरच्या कारखान्यात विंकर नव्हे तर डिझेल इंजिनाचे सुटे भाग होतात, आणि मायको सर्कल हे नाव लोकांच्या तोंडी अजून आहे.

लुकलुकणारा दिवा अमेरिकेने रूढ केला. १९३९च्या ब्यूइक मोटारीवर तो कारखान्यातूनच बसवून आला. दांडीपेक्षा स्वस्त, मोडण्यासारखे काही नाही, आणि माणसाचा डोळा स्थिर वस्तूपेक्षा चाळवणाऱ्या वस्तूकडे लवकर वळतो. १९५०च्या दशकात ब्रिटिश गाड्यांवरूनही हात नाहीसे होत गेले. नाव मात्र दोन काठांवर दोन राहिले. अमेरिकेने कृतीचे नाव वस्तूला दिले, इंग्लंडने वस्तूचे नाव वस्तूला.

आता कायदा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२१ चे शीर्षकच ‘सिग्नल आणि सिग्नल देण्याची साधने’ अशा अर्थाचे आहे. त्याचा गाभा असा : सिग्नल चालकाने द्यायचा आहे. उजवीकडे किंवा डावीकडे वळण्याचा अथवा थांबण्याचा सिग्नल, सुकाणू उजवीकडे असलेल्या गाडीत, यांत्रिक किंवा विजेच्या साधनाने देता ‘येईल’. सुकाणू डावीकडे असलेल्या गाडीत तो साधनानेच द्यावा ‘लागेल’. हा फरक विचित्र वाटतो, पण कारण साधे आहे. डावीकडे बसलेल्या चालकाचा हात पदपथाकडे निघतो. रस्त्याच्या मधल्या बाजूला तो कोणाला दिसणार? म्हणजे कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर १९८८ मध्येही मुळात खिडकीबाहेर काढलेला हात होता, आणि दिवा हा त्या हाताचा बदली कामगार होता. १९३९च्या कायद्यातली मांडणीही अशीच होती.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०२ आणखी स्पष्ट आहे. वळण्याचा सिग्नल विजेवर चालणाऱ्या दिशादर्शक दिव्यांनी, म्हणजे ‘डिरेक्शन इंडिकेटर लॅम्प’ने, द्यावा, दिवा पिवळसर केशरी असावा, मिनिटाला ६० पेक्षा कमी नाही आणि १२० पेक्षा जास्त नाही इतक्या वेळा तो लुकलुकावा. एकाच वाक्यात दोन्ही शब्द, आणि दोघांची कामे वेगळी. सिग्नल ही माणसाची कृती. इंडिकेटर ही त्या कृतीची वस्तू. पत्र आणि टपालपेटी यांच्यात जे अंतर आहे ते इथे आहे. इंडिकेटर लागला होता, याचा अर्थ सिग्नल दिला गेला असा होईलच असे नाही. वळण संपल्यावर किलोमीटरभर तसाच लुकलुकत राहिलेला दुचाकीचा इंडिकेटर गंगापूर रोडवर पावलोपावली दिसतो. तो इंडिकेटर खराच, पण त्यात सिग्नल कोणाचाच नाही.

याचा आणखी एक पुरावा त्याच दिव्यांत आहे. गाडीचे चारही इंडिकेटर एकदम लुकलुकू लागले की वाहनांच्या दिव्यांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत त्याला ‘हॅझर्ड वॉर्निंग सिग्नल’ म्हणतात : हे वाहन सध्या इतरांसाठी विशेष धोक्याचे आहे, असे जाहीर करणे. दिवे तेच, एका बाजूचे लागले तर इंडिकेटर, चारही लागले तर सिग्नल. मराठीत त्यालाच ‘पार्किंग लाइट’ म्हणण्याची पद्धत पडली, आणि चौकात ‘मी सरळ जाणार’ हे सांगण्यासाठी चारही दिवे लावण्याची एक अजब रीत आली. बाजूच्या रस्त्यावरून पाहणाऱ्याला चारांपैकी एकाच बाजूचे दिवे दिसतात. त्याने काय समजायचे? गाडी त्याच्या रस्त्याला वळते आहे, असेच.

या साऱ्या इतिहासातली महत्त्वाची गोष्ट मात्र दिव्याने काय दिले ही नसून त्याने काय गमावले, ही आहे.

‘रूल्स ऑफ द रोड रेग्युलेशन्स, १९८९’ मध्ये हाताच्या खुणा सविस्तर दिल्या होत्या. वेग कमी करायचा असेल तर उजवा हात बाहेर काढून तळवा खाली ठेवून वरखाली हलवायचा. थांबायचे असेल तर कोपरापासून हात उभा धरायचा. उजवीकडे वळायचे असेल तर हात आडवा, तळवा समोर. डावीकडे वळायचे असेल तर आडव्या हाताने घड्याळाच्या उलट दिशेने वर्तुळे काढायची. आणि पाचवी खूण : मागच्या वाहनाने पुढे निघून जावे असे सांगायचे असेल तर हात आडवा काढून मागून पुढे अर्धवर्तुळात झुलवायचा. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत ही चित्रे ओळखायला लावतात. पाठ करणारे पाठ करतात आणि विसरतात.

हाताचे असे पाच शब्द होते. त्यांतले वेग कमी करणे आणि थांबणे हे दोन मागच्या लाल दिव्याने मिळून एकच करून टाकले. उजवे आणि डावे इंडिकेटरकडे गेले. पाचव्या शब्दाला, ‘मी साइड देतो, तुम्ही पुढे व्हा’ याला, दिवाच मिळाला नाही.

भाषेतून शब्द काढून टाकला तरी सांगायची गोष्ट उरतेच. ती दुसऱ्या शब्दाच्या आडून बाहेर पडते. नाशिकला छेदून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्यासारखे मार्ग दुपदरी होते तेव्हा मालमोटारींच्या मागे रात्र रात्र काढावी लागे. मालमोटारीच्या पाठीवर हॉर्न वाजवा अशी विनंती रंगवलेली असे (महाराष्ट्राने ती २०१५ मध्ये बंद केली), रात्री डिपर द्या असेही असे. मागच्याने हॉर्न द्यायचा, डिपर मारायचा. पुढच्याने पुढचा रस्ता पाहून उत्तर द्यायचे. उत्तर देण्यासाठी त्याच्याकडे हात होता, आणि हात आत गेल्यावर इंडिकेटर. मग अनेक चालकांनी उजवा इंडिकेटर लावून ‘उजवीकडून जा’ असे सांगायला सुरुवात केली. काहींनी डावा लावून ‘मी डावीकडे सरकतो, तुम्ही जा’ असे सांगितले. दोन्ही रीती सौजन्यातून आल्या, दोन्हींमागे तर्क आहे, आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध आहेत.

धोका इथे आहे. उजवा इंडिकेटर लुकलुकतो आहे. कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ : मी उजवीकडे येतो आहे, मागच्याने थांबावे. रस्त्याच्या भाषेत त्याचा अर्थ : उजवी बाजू मोकळी आहे, मागच्याने जावे. एकच दिवा, परस्परविरोधी दोन वाक्ये. आणि मागचा माणूस ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असताना, एका सेकंदात त्यातले एक निवडतो. रेल्वेच्या खांबावर सिग्नल आणि इंडिकेटर वेगळे ठेवण्यामागे जी सावधगिरी होती, ती इथे पुसली जाते. पुढच्या चालकाने दिवा केवळ दाखवण्यासाठी लावलेला असतो. मागचा तो आज्ञा किंवा परवानगी म्हणून वाचतो.

यात अडाण्यांचा दोष काढण्याची सवय सुशिक्षितांना असते. ती अन्यायाची आहे. ट्रकचालकाने स्वतःची गरज ओळखून, हाती असलेल्या दोन दिव्यांतून तिसरा अर्थ काढला; उणीव साधन बनवणाऱ्याच्या हिशेबात होती. ‘ओव्हरटेक करू द्यावे’ ही गरज युरोपच्या रुंद रस्त्यांवर कमी भासली असेल. घाटातल्या दुपदरी रस्त्यावर ती दर मैलाला होती. कायद्याने हाताच्या खुणेत ती ओळखली होती, दिव्यात मात्र ती आणली नाही. १९६८च्या व्हिएन्ना येथील रस्ते-वाहतूक करारातील व्याख्याही तेवढीच : चालक उजवीकडे किंवा डावीकडे दिशा बदलू इच्छितो हे इतरांना दाखवणारे साधन. इच्छा चालकाची, दिशा दोनच.

शहरात हा पाचवा शब्द आपापल्या परीने जगतो आहे. गंगापूर रोडवर शनिवारी-रविवारी सोमेश्वर, गंगापूर धरण आणि द्राक्षबागांकडे निघालेल्या परगावच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा रिक्षावाला उजवीकडे वळताना इंडिकेटरवर विसंबत नाही. तो हात बाहेर काढतो, तळवा उघडा ठेवतो, मागच्याशी नजर जुळवतो आणि मगच वळतो. एस.टी.चा चालक अरुंद जागी मागच्या दुचाकीला खिडकीतून हात झुलवून पुढे सोडतो. तो हात जवळपास नियमातल्या चित्रासारखाच असतो. आणि स्कूटीवर मागे बसलेली आई, मुलीने इंडिकेटर लावला असतानाही, आपला उजवा हात लांब करते. दिवा नीट चालू आहे हे तिला ठाऊक असते. मागून येणाऱ्याने तो वाचला की नाही, हे तिला ठाऊक नसते.